सहावी गाठ

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं मी विठोबासमोर, भरल्या देवळात, दोन्ही कान धरून बोलले आणि त्याबद्दल मला टाळ्या मिळाल्या. ते खोटं असं होतं, की मी खोटारडी आहे असं मी सांगितलं. ऐकायला हे चमत्कारिक वाटेल, पण घडलं तसंच. आता पमीनंही परवानगी दिलेली आहे, म्हणून लिहून टाकते.

आमचं घर म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात, मार्केटच्या मागच्या गल्लीत. खाली अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, शिलाईचं दुकान, वर आम्ही, आणि आमच्या डोक्यावर गच्ची. शेजारचं घर काकांचं. दोन गच्च्यांच्या मध्ये कमरेएवढी भिंत, आणि त्या भिंतीवरून ताकाची भांडी, मोगऱ्याचे गजरे, भांडणं आणि निरोप दिवसभर इकडून तिकडे जात. सकाळी मार्केटमधून फुलवाल्यांची ओरड यायची, मग काकूच्या उप्पिट्टाच्या फोडणीचा चर्र आवाज, आणि त्याच्यानंतर अप्पांचं मशीन. ते मशीन घराचा श्वासच होतं म्हणा ना. लांब शिवण असली की त्याचा सूर लांब, काजांचं काम असलं की अडखळता. आई वरून नुसतं ऐकून सांगायची, "आता बाही लागली, कॉफी ठेवते." घरात आम्ही मराठी बोलायचो. पुण्याहून एक पाहुणे आले होते, ते अर्धा तास आमचं बोलणं लक्ष देऊन ऐकत राहिले आणि जाताना म्हणाले, "गोड आहे हो तुमची भाषा. कोणती ही?"

पमी म्हणजे काकांची प्रमिला, माझ्याच वयाची, अकरा पूर्ण. मी बोलायची आणि ती तपासायची, अशी आमची वाटणी होती. मी म्हटलं दसऱ्याच्या हत्तीनं मला डोळा मारला, की ती विचारणार, "डावा की उजवा?" त्यामुळे मंदण्णा साहेबांची गोष्ट मी तिला सांगितली तेव्हा तिनं ओठ असे मुडपले, की ते मला अजून दिसतात.

मंदण्णा साहेब म्हणजे कोडगूतले, आपण कूर्ग म्हणतो तिथले, एक कॉफीमळेवाले. मिशा भरघोस, हसणं मिशांपेक्षा भरघोस. त्यांचे कोट अप्पा शिवत. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा ते दुकानात आले आणि म्हणाले, पंधरा दिवस इस्टेटवर मुक्काम करून लग्नाचे सगळे कपडे तिथंच शिवा. मोठ्या घरच्या लग्नाला शिंप्यानं असं जाऊन बसायची पद्धतच होती. "बायको-मुलीला घेऊन या, मुलीची सुट्टीही होईल. आणि परत जाताना माझ्या विमानातून सोडीन." साहेबांकडे खरोखरचं छोटं विमान होतं. इस्टेटीच्या कडेला गवताचा एक सपाट पट्टा होता, त्यावरून ते उडायचं. हे मी दुकानाच्या पडद्याआडून ऐकलं आणि तडक गच्चीवर गेले.

"पमे, मी विमानातून येणार."

"हौदा?" पमी म्हणाली. खरं की काय, एवढाच त्याचा अर्थ. पण पमी म्हणायची तेव्हा त्यात टाचणी असायची. "कुठलं विमान? कागदाचं?"

"खरं विमान. आणि मी ते आपल्या गच्चीवरून नेणार आणि तुझ्या डोक्यावर खूण टाकणार. बघच."

मग पैज लागली. हरेल तिनं देवळात, भजन संपल्यावर सगळ्या बायकांपुढे कान धरून "मी थापाडी" म्हणायचं.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या समाजाचं विठोबाचं देऊळ मोहल्ल्यातच आहे. आषाढी एकादशीला देवाला नवा अंगरखा घालतात, आणि तो शिवायचा मान दर वर्षी एका घराकडे असतो. त्या वर्षी आमची पाळी होती. आम्ही शिंपी, दिवसभर ज्या टेपनं गिऱ्हाइकांची पोटं मोजतो तो टेप देवाला कसा लावणार? म्हणून देवाचं माप आहे एका दोऱ्यात. लाल, मेण चोळलेला दोरा, त्याला पाच गाठी: गळा, बाही, छाती, कंबर, घोळ. कोणी पहिल्यांदा मारल्या, कोणालाही ठाऊक नाही. दोन नियम मात्र सगळ्यांना पाठ. ज्याची पाळी, त्यानं तो दोरा घराबाहेरच्या कोणाच्या हाती द्यायचा नाही; आणि देवाच्या दोऱ्यातली गाठ कधी सोडायची नाही. मुलांना तो दाखवत नसत. माझी कल्पना अशी होती, की तो चांदीच्या डबीत, मखमलीवर, नागासारखा वेटोळं घालून बसलेला असणार.

घर पंधरा दिवस बंद राहणार म्हणून अप्पांनी तो बरोबर घेतला. एवढंच मला माहीत होतं.

इस्टेटीवरचे ते पंधरा दिवस मी कधीतरी वेगळे लिहीन. व्हरांड्यात अप्पांचं मशीन, समोर ओलं हिरवं रान, तांदळाच्या भाकरीवर इस्टेटीतलाच मध, आणि बघावं तिकडे किनखाप. नवरीच्या चोळ्यांचं सोनेरी कातरण उडत उडत कॉफीच्या झाडांना अडकायचं. मी ते गोळा करायची. पण माझं सगळं लक्ष त्या विमानाकडे. पिवळं, नाकतोड्यासारखं, गवतात बसलेलं. मी रोज त्याला एकदा हात लावून यायची.

निघायच्या दिवशी साहेबांनी आम्हाला कॉफीच्या गोदामात नेलं. तिथं पोती तोलायचा मोठा काटा होता. "छोटं विमान आहे," साहेब म्हणाले. "वजन कळल्याशिवाय नेता येत नाही. एकेक जण उभे राहा."

आई दारातच थबकली. "अय्यो, मी काय पोतं आहे? त्या माणसासमोर मी नाही चढणार." तो माणूस म्हणजे काट्यावरचा मेस्त्री, जो पोत्याचं वजन अख्ख्या इस्टेटीला ऐकू जाईल असं ओरडायचा.

"साहेब," अप्पा हात जोडून म्हणाले, "छाती विचारा, कंबर विचारा, अर्ध्या इंचाचा फरक पडणार नाही. वजन कुठल्या शिंप्याला ठाऊक असतं?"

शेवटी मेस्त्रीला बाहेर काढलं, साहेबांनी पाठ फिरवली, आई चढली, आणि आकडा मी वाचला. तो मी आजवर कोणाला सांगितलेला नाही. मग अप्पा, मग मी, मग सामान. सगळ्यात शेवटी मशीन ठेवलं आणि काटा धाडकन खाली गेला.

"मशीन लॉरीतून पाठवू," साहेब म्हणाले. "परवा इस्टेटची लॉरी म्हैसूरला जातेय."

अप्पांनी मशीनकडे पाहिलं, विमानाकडे पाहिलं. अप्पांना विमानाची हौस माझ्याएवढीच होती. रात्री जेवताना ते साहेबांना पंखांबद्दल, पेट्रोलबद्दल इतकं विचारत, की आई त्यांना कोपरानं ढोसायची. पण मशीन दुसऱ्याच्या हाती सोडून अप्पा कधी जेवायलासुद्धा गेले नव्हते.

"तुम्ही दोघी जा," ते म्हणाले. "मी मशीनबरोबर येतो." माझ्या हातात त्यांनी खडू-कात्र्यांचा पत्र्याचा डबा दिला. "लॉरीत हादरे फार. हा नीट ने. आणि मंजू, वरून गाव कसं दिसतं ते बघून ठेव. मला सांग."

विमान उडालं तसे आईनं डोळे मिटले. मागच्या सीटवर दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून ती "विठ्ठल विठ्ठल" म्हणत होती. इंजिनाच्या आवाजात ते ऐकू येत नव्हतं, नुसते ओठ हलताना दिसत होते. मी पुढे, साहेबांच्या शेजारी, मांडीवर डबा. खाली कोडगूचं रान, मग लाल माती, मग तळी, जणू कोणी काचेचे तुकडे फेकले आहेत. आणि मग चामुंडीचा डोंगर आला. रोज मान वर करून बघायचा तो डोंगर माझ्या बरोबरीला आला होता! त्याच्या पायथ्याशी माझं गाव, राजवाड्याचे घुमट पालथ्या वाट्यांसारखे.

मी साहेबांच्या बाहीला धरून कन्नडमधून म्हटलं, "आमच्या घरावरून न्या ना! पैज आहे."

पैज म्हटल्यावर साहेबांचे डोळे चमकले. काही मोठी माणसं मोठी होतच नाहीत, त्यातले ते. त्यांनी विमान असं कलतं केलं, की मागून आईचा "विठ्ठल" इंजिनाच्या वर ऐकू आला. मार्केटची छपरं दिसली, टांग्यांसारख्या जटक्यांच्या ओळी दिसल्या, आणि गल्ल्यांच्या गुंत्यात मी आमची गच्ची शोधू लागले. ती सापडली सांडग्यांमुळे. काकूचे उन्हाळ्याचे सांडगे पांढऱ्या धोतरावर घातलेले, आणि कडेला कावळे हाकायला बसलेला एक निळा ठिपका. पमी!

खूण! खुणेचं मी विसरूनच गेले होते. खिशात किनखापाच्या पट्ट्या होत्या. पण नुसत्या पट्ट्या वाऱ्यावर जातील, जड काहीतरी पाहिजे. मी डबा उघडला. कात्री नको, पमी मरेल. खडू फुटेल. कोपऱ्यात एक जुनं लाकडी रीळ होतं, त्याला कसलासा मळका लाल दोरा. असली रिळं दुकानात पायांत यायची. त्याचे दोन वेढे मी सोडवले, दोऱ्याचीच मध्ये गच्च गाठ मारून तिच्यात सोनेरी पट्टी अडकवली, खिडकीची झडप ढकलली, आणि टाकलं.

सोनेरी शेपूट फडफडत खाली गेलं. असं सुंदर, की मी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर मी आयुष्यात शेकडो गोष्टी नेम धरून फेकल्या आणि एकही लागली नाही. ही लागली.

तिसऱ्या दिवशी लॉरी आली. तोवर मी पमीला छळून घेतलं होतं, पण ती अगदी थंड होती. "विमान? हां, कुठलं तरी गेलं वाटतं आवाज करत. खूण? कुठली खूण? सुम्ने बस." सुम्ने म्हणजे उगाच, गप. तिच्या चेहऱ्यावरची एक रेषसुद्धा हलली नाही. काकू आत झोपली होती, गल्लीतले लोक म्हणत होते, विमान गेलं खरं, कोणाचं ते कोण सांगणार. आईला विचारावं, तर आई म्हणाली, "मी कशाला डोळे उघडू?"

अप्पांनी मशीन उतरवलं, पुसलं, हातपाय धुतले आणि देवाचा अंगरखा बेतायचा म्हणून डबा उघडला. मग डबा पालथा केला. मग पिशव्या. मग गाद्या.

"लाल दोऱ्याचं रीळ होतं," ते म्हणाले. "लाकडी."

माझी चांदीची डबी आणि मखमल क्षणात नाहीशी झाली; उरलं ते मी विमानातून टाकलेलं मळकं रीळ.

आई म्हणाली, "डबा मंजूच्या मांडीवर होता. पोरीनं झाकणसुद्धा उघडलं नाही हो." मिटल्या डोळ्यांची ही साक्ष अप्पांना पुरली. ते माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "माझीच चूक. देवाचा दोरा घेऊन मी कमाईला गेलो. तिथंच कुठं तरी पडला." लॉरीच्या ड्रायव्हरबरोबर त्यांनी इस्टेटीवर निरोप धाडला. शनिवारपर्यंत दोरा मिळाला नाही, तर रविवारी समाजासमोर उभं राहून सांगायचं, आणि पाळी सोडायची, असं ते आईला म्हणाले. आमच्या घराची पाळी आजोबा-पणजोबांपासूनची. ती सोडली, की पुन्हा मागायची कोणत्या तोंडानं?

आणि मशीन बंद झालं. गिऱ्हाइकांचे कपडे पडून होते, अप्पा मशीनसमोर बसायचे, पाय मशीनच्या खालच्या पट्टीवर ठेवायचे, आणि ती हलायची नाही. आईला कॉफी कधी ठेवायची ते कळेना. इतकी शांतता त्या घरात मी कधी ऐकली नव्हती. मी दोनदा अप्पांच्या मागे जाऊन उभी राहिले, दोनदा तोंड उघडलं. अख्ख्या मोहल्ल्यात बडबडी म्हणून गाजलेली मी, माझ्या तोंडून एक शब्द निघेना. सांगून तरी काय, दोरा कुठं आहे ते मला कुठं ठाऊक होतं!

ते कळलं काकूमुळे. शुक्रवारी ती भिंतीपलीकडून आईला म्हणत होती, "बघ ना, ओल्या सांडग्यांच्या मधोमध हे भोक! पीठ चौफेर उडालेलं. कावळा काय, दगड पडल्यासारखं. आणि ही आमची बाई राखण करत होती म्हणे."

मी भिंतीवरून उडी मारून पमीला कोपऱ्यात गाठलं. "दे."

"काय?"

"पमे, तो देवाचा दोरा आहे."

पमीचा चेहरा पहिल्यांदा हलला. तिलाही माहीत नव्हतं. पण अकरा वर्षांचा माणूस फार कठोर असतो. "खूण मिळाली म्हणून सांगितलं, की मला कान धरावे लागतील," ती हळूच म्हणाली. "मी नाही धरणार. तू धर. उद्या भजनाला. विमान गच्चीवरून आलंच नाही, खूण टाकलीच नाही, म्हण. मग देते."

कल्पना करा: जगातली एकमेव मुलगी, जिनं आपली थाप खरी करून दाखवली, आणि तिनंच ती खोटी होती असं सांगायचं! मी तिला चिमटा काढला, तिनं माझे केस ओढले. मग मशीनची ती शांतता आठवली आणि मी म्हटलं, "आयतु." ठीक आहे.

शनिवारी भजन संपलं, टाळ खाली ठेवले गेले, प्रसादाच्या केळ्यांचा वास सुटला. बायका उठणार तेवढ्यात मी मधे जाऊन उभी राहिले आणि कान धरले. पुरुषांच्या बाजूला अप्पा खांबाला टेकून बसले होते.

"मी थापाडी," मी म्हणाले. "पमी खरी. विमान आमच्या गच्चीवरून गेलं नाही. मी काही खूण टाकली नाही. मी डोळे मिटून घेतले, मोठ्यानं रडले..." सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. इतक्या सगळ्या एकदम! माझ्या अंगात काय आलं कोण जाणे. "आणि मंदण्णा साहेबांच्या नव्या टोपीत ओकले. मग साहेबांनी ती टोपी विसरून डोक्यावर घातली."

देऊळ हसून कोसळलं. एक म्हातारी डोळे पुसत टाळ्या वाजवू लागली, मग सगळ्याच. पमी माझ्या कानाशी म्हणाली, "टोपी माझ्या अटीत नव्हती." आणि परकराच्या ओच्यातून रीळ काढून माझ्या मुठीत दिलं.

रात्री मी ते डब्यात, खडूंच्या खाली सरकवलं. सकाळी अप्पांनी खडू काढायला डबा उघडला. मग म्हणाले, "मंजू, इकडे ये."

दोरा त्यांनी टेबलावर सरळ पसरला होता. पमीनं पट्टी कात्रीनं कापली होती. पण माझी गाठ अशी गच्च होती, की ती तिला सुटली नव्हती. कंबर आणि घोळ यांच्या मध्ये सहावी गाठ, आणि तिच्यात अडकलेले दोन-तीन सोनेरी तंतू. तो किनखाप कुठला, हे सबंध म्हैसुरात एकाच माणसाला ओळखता आलं असतं.

"ही गाठ कुणाची?"

मी कान धरले. या वेळी खरेखुरे. रडत रडत सगळं सांगितलं, सांडग्यांपासून टोपीपर्यंत.

अप्पांनी बोटानं ती गाठ चाचपली. मला वाटलं आता सोडवतील. "देवाच्या दोऱ्यातली गाठ सोडायची नसते," ते म्हणाले. "आता हे देवाचं माप झालं." मग दार ढकलून घेतलं, मशीनसमोर बसले, आणि मला जवळच्या स्टुलावर बसवलं. "टोपी राहू दे. खरं सांग. वरून गाव कसं दिसतं?"

मी सांगत गेले. तळी, डोंगर, पालथ्या वाट्या, जटक्यांच्या ओळी, पांढऱ्या धोतरावरचे सांडगे. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, की त्यांचे पाय हलायला लागले आहेत. वरून आईचा आवाज आला, "कॉफी ठेवते हो!"

त्या आषाढीच्या अंगरख्यावर, कंबरेच्या खाली, बरोबर त्या मापावर, अप्पांनी एक सोनेरी कळी भरली. कोणी विचारलं तर म्हणायचे, "दोऱ्यात गाठ आहे, म्हणून केली." दुसऱ्या वर्षी दुसऱ्या घरानं गाठ पाहिली आणि कळी भरली. तिसऱ्यानंही. आता अप्पा नाहीत, दुकानाच्या जागी तयार कपड्यांची शोरूम आहे, पमीच्या मुलानं गावाच्या कडेला, हिनकलकडे बुटिक काढलंय. पण कळी दर वर्षी असते. एका निवृत्त प्राध्यापकांनी देवळाच्या स्मरणिकेत लेख लिहून सिद्ध केलंय, की सहा गाठी म्हणजे सहा शास्त्रं. तो लेख मोठ्यानं वाचला गेला तेव्हा पमीनं माझी मांडी इतकी जोरात दाबली, की हिरवी-निळी झाली. यंदा पमीच्या मुलाची पाळी आहे. देवळात मी हात जोडते तेव्हा माझी नजर आधी त्या कळीवर जाते, आणि मग विमानात न बसलेल्या माझ्या वडिलांचे पाय मशीनच्या पट्टीवर हलताना दिसतात.

हे प्रकरण लिहून झाल्यावर मी पमीला वाचून दाखवलं. तिनं चष्मा वर करून, नेहमीसारखं तपासत ऐकलं. शेवटी म्हणाली, "सगळं अगदी बरोबर लिहिलंस. पण कोणी विश्वास ठेवायचा नाही, मंजे."

"का?"

"तूच नाही का सगळ्यांसमोर कान धरून सांगितलंस?"